चित्रित केलेला शेवट, ठेवलेला शेवट : 'डबल इन्डेम्निटी' (१९४४), एक प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायचा रिवाज आहे. इथं ती झाकून काही साधणार नाही, कारण चित्रपट आणि तो करणारी माणसं जगजाहीर आहेत. अभ्यास एकाच प्रश्नाचा आहे. पैसे ओतून, सेट उभारून, चित्रित करून झालेला शेवट दिग्दर्शकानं का काढून टाकला, आणि त्या निर्णयापर्यंत तो कसा पोचला? पटकथा लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आज ना उद्या पडतो.

पार्श्वभूमी

मार्च १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अल्बर्ट स्नायडर नावाच्या गृहस्थाचा त्याच्या घरातच खून झाला. खून केला होता त्याची बायको रूथ आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी. त्याआधी तिनं नवऱ्याकडून त्याला अंधारात ठेवून विम्याच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. अपघाती मृत्यू आला तर दुप्पट भरपाई, असं कलम त्या पॉलिसीत होतं. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवलं. एका वृत्तपत्र छायाचित्रकारानं घोट्याला कॅमेरा बांधून आत प्रवेश मिळवला आणि रूथच्या मृत्यूचा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर झळकला.

जेम्स एम. केन तेव्हा न्यूयॉर्कमध्येच वृत्तपत्रात काम करत होता. या खटल्यातलं दुप्पट भरपाईचं, म्हणजेच 'डबल इन्डेम्निटी'चं, कलम त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं घटना लॉस एंजेलिसला नेली, प्रियकराला विमा एजंट केलं आणि १९३६ मध्ये 'लिबर्टी' साप्ताहिकात ही कथा क्रमशः छापून आली. विमा विकणाराच विमा कंपनीला फसवतो, कुठल्या फटीतून शिरायचं ते त्याला पाठ असतं, आणि तरीही तो सापडतो. कथेचा सगळा जोर इथं आहे.

स्टुडिओंना ही कथा छापून येण्याआधीच हवी होती. तरी चित्रपट यायला १९४४ साल उजाडलं.

अडचण

आपल्याकडे चित्रपटाचं सेन्सॉर म्हटलं की तयार चित्रपट पाहून कात्री लावणारं मंडळ डोळ्यांसमोर येतं. हॉलिवूडची तेव्हाची व्यवस्था आपल्या नाटकवाल्यांना जास्त ओळखीची वाटेल, कारण महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तिकडेही कागदावर असतानाच पटकथा तपासली जायची. फरक इतकाच, की ती यंत्रणा सरकारी नव्हती, निर्मात्यांच्याच संघटनेनं ती उभी केली होती. आचारसंहिता १९३० मध्ये लिहिली गेली. १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या कार्यालयानं तिची सक्तीनं अंमलबजावणी सुरू केली. त्या कार्यालयाचा शिक्का नसेल तर मोठ्या स्टुडिओंच्या थिएटरांत चित्रपट लागत नसे.

ऑक्टोबर १९३५ मध्ये ब्रीननं या कथेवर एका स्टुडिओला पत्र लिहिलं. कथेचा एकूण सूरच हीन आणि किळसवाणा आहे, तेव्हा ती पडद्यावर येण्यालायक नाही, असा त्याचा मथितार्थ होता. दोन्ही मुख्य पात्रं व्यभिचारी आणि खुनी आहेत, आणि खून कसा पचवायचा याचे तपशील प्रेक्षकाला शिकवल्यासारखे येतात. पत्राची बातमी फिरली आणि सगळ्यांनी हात काढून घेतले. १९४३ मध्ये पॅरामाउंटनं हक्क १५,००० डॉलरना घेतले आणि कथा पुन्हा ब्रीनकडे पाठवली, तर उत्तर जवळजवळ शब्दशः आठ वर्षांपूर्वीचंच आलं.

या सगळ्यात शेवटची गाठ सर्वांत घट्ट होती. कादंबरीत दावे तपासणारा कीज हा अधिकारीच कंपनीची अब्रू वाचवायला दोघांना जहाजावरून निसटू देतो. जहाजामागून एक शार्क मासा येत असतो, आणि ते दोघं समुद्रात उडी घ्यायचं ठरवतात. आचारसंहितेच्या दृष्टीनं यातलं काहीच चालणारं नव्हतं. गुन्हेगारानं आत्महत्या केली तर तो कायद्याच्या हातून सुटला, असं तिचं म्हणणं. आणि त्याला पळून जायला मदत कोण करतो, तर कथेतला एकमेव सरळ माणूस!

समोरचे पर्याय

दिग्दर्शक बिली वाइल्डर व्हिएन्ना-बर्लिनकडून आलेला, नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडलेला. अमेरिकेत दिग्दर्शक म्हणून हा त्याचा तिसरा चित्रपट. त्याचा नेहमीचा लेखनसोबती चार्ल्स ब्रॅकेट यानं कथा वाचली आणि असल्या घाणीत आपल्याला पडायचं नाही म्हणून सांगितलं. केन स्वतः दुसऱ्या स्टुडिओच्या करारात अडकलेला. मग जोसेफ सिस्ट्रॉम या निर्मात्यानं रेमंड चँडलरचं नाव सुचवलं. चँडलर गुप्तहेरकथा लिहिणारा, वयानं पन्नाशी ओलांडलेला, आणि पटकथा कशी असते ते त्याला बिलकुल ठाऊक नव्हतं.

शेवटासाठी वाटा मोजक्या होत्या. कादंबरीतली आत्महत्या ठेवायची तर शिक्का विसरायचा. दुसरी वाट म्हणजे कायद्यानं शिक्षा करायची आणि ती पडद्यावर दाखवायची. कॅलिफोर्नियात १९३८ पासून मृत्युदंडासाठी गॅस चेंबर वापरात होतं, म्हणून कथेच्या काळाला आणि जागेला तेच लागू पडत होतं. तिसरी वाट अशी की शिक्षा अटळ आहे एवढं कळू द्यायचं आणि ती न दाखवताच थांबायचं. ही वाट तेव्हा कुणाला दिसली असेल असं मला वाटत नाही. दिसायला आधी काय घडावं लागलं, ते पुढे येतं.

काय केलं

पहिली गोष्ट भाषेची. केनचे संवाद पुस्तकात झपझप वाचले जातात, म्हणून वाइल्डरला ते तसेच ठेवायचे होते. चँडलर म्हणाला, हे डोळ्यांसाठी लिहिलेत, कानाला ते सपाट लागतील. वाद मिटवायला वाइल्डरनं स्टुडिओतले काही नट बोलावले आणि मूळ संवाद मोठ्यानं वाचून घेतले. चँडलरचं खरं निघालं. चित्रपटात आज जी चमकदार, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी बोली ऐकू येते तिचा बराच भाग या वाचनानंतर नव्यानं घडवलेला आहे. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी तो पाच-दहा मिनिटांत कानावर सोडला.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. पूर्ण पटकथेची वाट न पाहता त्यांनी झालेली पानं ब्रीनकडे पाठवली. कथेचा सारांश वाचून नकार देणाऱ्या कार्यालयानं लिहिलेले प्रसंग वाचल्यावर मोजक्याच हरकती घेतल्या. प्रेताची विल्हेवाट लावण्याचे तपशील कमी करा, नायिका पहिल्यांदा टॉवेल गुंडाळून येते तो टॉवेल गुडघ्याखाली जाऊ द्या, आणि गॅस चेंबरच्या प्रसंगाबद्दल आम्हाला शंका आहे. आठ वर्षं अडलेली कथा या वळणावर सुटली. सारांशात खून आणि व्यभिचारच दिसतात. त्या गुन्ह्याची किंमत कोण आणि कशी मोजतो, ते प्रसंग वाचल्यावर कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. लेखकांनी कीजला मधोमध आणून बसवलं. चित्रपट सुरू होतो तेव्हा विमा एजंट वॉल्टर नेफ खांद्यात गोळी घेऊन रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनमध्ये, म्हणजे आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रात, कबुलीजबाब बोलू लागतो. हा जबाब पोलिसांसाठी नसतो. तो कीजच्या नावानं, ऑफिसच्या मेमोसारखा सुरू होतो. दीड तासाहून जास्त चालणारी ही गोष्ट म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला सांगितलेलं मनातलं.

एक प्रसंग जवळून पाहू. कीज नेफच्या टेबलापाशी येतो. तू विमा विकणं सोड, माझ्या हाताखाली दावे तपासायला ये, म्हणतो. पगार ५० डॉलरनं कमी होणार, तरी ये. बोलता बोलता तो त्या कामाचं असं वर्णन करतो की टेबल म्हणजे शस्त्रक्रियेचं टेबल आणि पेन्सिल म्हणजे डॉक्टरची सुरी वाटावी. मधेच फोन वाजतो. पलीकडे नायिका फिलिस असते, जिच्या नवऱ्याच्या खुनाचा बेत तिनं आणि नेफनं आखलाय. नवरा प्रवासाला निघतोय हे सांगायला तिनं फोन केलेला असतो. नेफ कुणा 'मार्जी'शी बोलतोय असं भासवतो. कीज खोलीतून हलत नाही, जवळच उभा राहतो. एका हातात फोनवरची बाई आणि खून, समोर प्रामाणिक काम आणि बापाच्या मायेनं बोलणारा माणूस. निवड त्या एका टेबलावर होते. नेफ फोन ठेवतो आणि कीजला नाही म्हणतो.

आणि काडी. कीज सतत सिगार ओठांत धरतो, पण काडी त्याच्याकडे कधीच नसते. खिशात पेटतात म्हणे. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखानं काडी ओढतो आणि त्याचा सिगार पेटवतो. पहिल्या दोन वेळा लक्षही जात नाही, इतकं ते सवयीचं आहे.

नटांच्या बाबतीतही असंच धाडस झालं. बऱ्याच नामवंतांनी नेफची भूमिका नाकारली. शेवटी फ्रेड मॅकमरीला घेतलं, जो हलक्याफुलक्या चित्रपटांतला हसरा, सभ्य माणूस म्हणून प्रेक्षकांना ठाऊक होता. फिलिस झाली बार्बरा स्टॅनविक आणि कीज झाला एडवर्ड जी. रॉबिन्सन. चित्रीकरण २७ सप्टेंबर ते २४ नोव्हेंबर १९४३ या काळात झालं. जॉन साइट्झच्या कॅमेऱ्यानं पडद्यांच्या पट्ट्यांतून आलेलं ऊन माणसांच्या अंगावर गजांसारखं पाडलं. बंद घरातली धूळ दिसावी म्हणून हवेत धातूची बारीक पूड उडवली. त्या खोलीत शिरताच कुबट वास येईल की काय असं वाटतं.

निर्णयाचा क्षण

गॅस चेंबरचा सेट तंतोतंत बांधला होता. काचेपलीकडे साक्षीदार, पलीकडच्या खुर्चीत नेफ, आणि साक्षीदारांत उभा असलेला कीज. या प्रसंगावर सुमारे १,५०,००० डॉलर लागले असा आकडा सांगितला जातो. कथेच्या हक्कांच्या दहापट! तो प्रसंग चित्रित होऊन पेटीत गेला.

त्यानंतर चित्रित झाला ऑफिसातला शेवट. कीज दारात उभा राहून कबुलीजबाबाचा शेवट ऐकतो. नेफ म्हणतो, मला सीमेपलीकडे जाऊ दे. कीज म्हणतो, तू लिफ्टपर्यंतसुद्धा पोचणार नाहीस. नेफ चालू लागतो आणि काचेच्या दाराशी कोसळतो. कीज रुग्णवाहिका बोलावतो, मग येऊन त्याच्या शेजारी खाली बसतो. नेफ म्हणतो, तुला गुन्हेगार सापडला नाही कारण तो फार जवळ होता, समोरच्याच टेबलावर. कीज म्हणतो, त्याहून जवळ. नेफ सिगारेट तोंडात धरतो, काडी ओढायला जातो, हाताला जोर राहिलेला नसतो. कीज त्याच्या हातातून काडी घेतो, अंगठ्यानं ओढतो आणि त्याची सिगारेट पेटवतो.

हे पडद्यावर पाहिल्यावर वाइल्डरला प्रश्न पडला की यानंतर गॅस चेंबर कशाला? ही गोष्ट दोन पुरुषांमधली आहे आणि ती इथं पुरी झाली, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यानं तो अख्खा प्रसंग काढला.

सहसा ही हकिकत दोन प्रकारे सांगतात. पहिल्या सांगण्यात सेन्सॉर जिंकलं, कारण ब्रीनला गॅस चेंबर भयानक वाटत होतं आणि राज्याराज्यांतली मंडळं ते कापतील असा इशारा त्यानं दिला होता. दुसऱ्या सांगण्यात बंधनांमुळेच कला फुलते. मला दोन्ही पटत नाहीत. ब्रीनला प्रसंग नको होता तो भीषण म्हणून. वाइल्डरनं तो काढला तो निरुपयोगी झाला म्हणून. परिणाम एक आला, तरी कारणं एक नव्हेत. बंधनांची थोरवी गायची तर आठ वर्षं एक चांगली कथा कपाटात पडून होती, ती वर्षं कोणत्या खात्यात टाकायची? बंधनानं एवढंच केलं की समुद्रातली उडी बंद केली. काडीची कल्पना बंधनातून आलेली नाही. ती आली कीजला मधोमध बसवण्यातून.

इथं पटकथाकारानं घड्याळ मागे फिरवून पाहावं असं मला मनापासून वाटतं. शेवट बदलायचा निर्णय वाइल्डरनं संकलनात घेतला हे खरं. पण तो शक्य झाला कारण कित्येक महिने आधी, कागदावर, नेफ पहिल्यांदा कीजचा सिगार पेटवून देतो असं कुणीतरी लिहिलं होतं.

निष्पत्ती

जुलै १९४४ मध्ये बाल्टिमोरला पहिला खेळ झाला, सप्टेंबरमध्ये चित्रपट न्यूयॉर्कला लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेत्री यांसह सात ऑस्कर नामांकनं मिळाली आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. त्या वर्षी पाद्र्याच्या गोड कथेचा 'गोइंग माय वे' जिंकला. १९४६ मध्ये पॅरिसच्या समीक्षकांनी युद्धकाळात अडकलेले अमेरिकी चित्रपट एकदम पाहिले आणि त्यातल्या काहींना 'नोआर', म्हणजे काळे, म्हटलं, त्यांत हा होता. ब्रीनच्या कार्यालयानं शिक्का दिल्यावर इतर स्टुडिओंनाही धीर आला, आणि केनच्याच कथांवर पुढच्या दोन वर्षांत आणखी मोठे चित्रपट आले.

वेगळं काय करता आलं असतं

गॅस चेंबरचा प्रसंग कागदावरच गळू शकला असता का? मला वाटतं, हो. नेफ पहिल्या पाच मिनिटांतच कबुली देतो. त्याचा निकाल तिथंच लागलेला आहे. तेव्हा फाशी, खुर्ची किंवा गॅस दाखवून प्रेक्षकाला नवीन काही कळत नाही. संवादांचा वाद त्यांनी नटांकडून मोठ्यानं वाचून घेऊन सोडवला होता. शेवटची दहा पानं तशीच वाचून घेतली असती तर कदाचित कान तिथंही बोलला असता. पण हे मागून सांगायला सोपं आहे. रॉबिन्सन त्या जमिनीवर बसल्यावर काय होतं ते कागद दाखवू शकत नाही.

लेखकांची जोडी आणखी नीट सांभाळता आली असती. महिनोन्‌महिने एका खोलीत दोघं बसले आणि चँडलर एके दिवशी आलाच नाही. त्यानं तक्रारींची यादी लिहून दिली. त्यात वाइल्डर नाकासमोर काठी फिरवतो, खिडकी उघड, दार लाव असे हुकूम सोडतो, अशा गोष्टी होत्या. वाइल्डरला माफी मागावी लागली. नवख्या पण वयानं मोठ्या लेखकाला खोलीत बसवताना खोलीतले नियम पहिल्या दिवशी ठरवायला हवेत, हे दोघांनाही ठाऊक नसावं. तरी चँडलर चित्रपटात क्षणभर दिसतो. कीजच्या ऑफिसबाहेर खुर्चीत मासिक वाचत बसलेला माणूस तोच. ही गोष्ट साठेक वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

माझी खरी तक्रार फिलिसबद्दल आहे. कीज मोठा होत गेला तशी ती सपाट होत गेली. तिनं आधीही एक जीव घेतलाय असं सांगून तिला पुरती काळी रंगवली जाते आणि शेवटच्या मिनिटाला, नेफवर दुसरी गोळी झाडता येत नाही म्हणून, तिला अचानक प्रेम सुचतं. स्टॅनविकच्या डोळ्यांमुळे तो क्षण तग धरतो, लिखाणामुळे नाही. या कथेच्या मुळाशी एक खरी बाई होती, जिच्या मरणाचा फोटो पहिल्या पानावर छापला गेला. दोन पुरुषांची गोष्ट इतक्या मायेनं लिहिणाऱ्यांनी तिच्यासाठी एखादी काडी शोधायला हवी होती.

आणि कापलेलं चित्रीकरण जपायला हवं होतं. आज तो प्रसंग हाती नाही, ध्वनीही नाही. उरलेत काही स्थिरचित्रं आणि पटकथेची पानं. त्या पानांवर शेवट असा आहे. सगळं संपल्यावर कीज सिगार तोंडात धरतो, सवयीनं खिसे चाचपतो आणि मधेच थबकतो, हात छातीवर जातो. मग सिगार तोंडातून काढतो आणि मान खाली घालून बाहेरच्या उन्हात चालू लागतो. म्हणजे काडी त्याही शेवटात होती, फक्त तिथं ती पेटवणारा उरलेला नव्हता. ही पानं वाचली की दर वेळी मी थांबते आणि मनात दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहते. माझा कौल वाइल्डरच्याच बाजूनं जातो, पण आधी वाटायचं तितक्या सहज आता जात नाही.